वॉर्डाला पाच तारे, बिलिंगला दोन

आईच्या खुब्याचा सांधा बदलला, सहाव्या दिवशी घरी सोडलं. नाशिकमधलं मध्यम आकाराचं हॉस्पिटल. डॉक्टर राउंडला येऊन दोन मिनिटांत गेले. घरी जायची खरी तयारी करून घेतली ती वॉर्डातल्या सिस्टरने. आदल्या दिवशीच विचारलं, "घरी संडास कसला?" भारतीय पद्धतीचा म्हटल्यावर मला लगेच कमोड खुर्ची आणायला पिटाळलं, तीही उंच. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी. मग "आजी, आता तुम्ही मला शिकवा," म्हणत सगळं आईकडूनच वदवून घेतलं.

आईचा प्रश्न, "मग देवपूजा?"

"खुर्चीवर बसून. देवच जरा उंचावर घ्या."

वॉकरची उंची मनगटाशी जुळवली. कठडा धरून पायऱ्या चढवून पाहिल्या: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. पोटरी सुजली-दुखली किंवा दम लागला तर वाट न बघता यायचं, हे कागदावर मराठीत, ठळक अक्षरांत.

तक्रार एकच. विम्याच्या कॅशलेस मंजुरीत साडेपाच तास गेले, आई लुगडं नेसून ताटकळत. तेवढ्यात सिस्टर दुपारची गोळी मात्र आठवणीने देऊन गेली.