स्वस्तातला अ‍ॅम्प्लिफायर: नवा क्लास-डी की जुना क्लास-एबी?

आठ ओहमच्या स्पीकरांसाठी तळहाताएवढा क्लास-डी (ट्रान्झिस्टर वेगाने चालू-बंद करून आवाजाचा सिग्नल वाढवणारा) अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा की जुन्या बाजारातला वजनदार क्लास-एबी (ट्रान्झिस्टर असे चालू-बंद न करता सिग्नल वाढवणारा, त्यामुळे जास्त तापणारा), यावर एका मित्राचे घोडे अडले आहे. विजेच्या बचतीत क्लास-डी पुढे आहे. मात्र खोक्यावरचे ‘१०० वॉट’ विसरावेत, कारण प्रत्येक चॅनेलला २४ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर साधारण ३० आणि १२ व्होल्टवर जेमतेम ८ वॉटच मिळतात. टिकाऊपणाचा हिशेब उलटा आहे: जुन्यातले कपॅसिटर सुकतात, आवाजाचे बटण खरखरते, पण कारागीर ते बदलून देतो, क्लास-डीची चिप जळली तर बहुधा अख्खा बोर्डच टाकावा लागतो.

स्पीकरच्या केबलवर पैसे उधळू नयेत. घरगुती वायरिंगची १.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर पाच मीटर अंतराला जाऊन-येऊन सुमारे ०.१२ ओहमच रोध देते, आठ ओहमपुढे तो नगण्य. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तेवढी टाळावी.

लहान खोलीत मोबाइल किंवा टीव्हीच ऐकणाऱ्याने क्लास-डी घ्यावा. रेकॉर्ड प्लेअर असलेल्याने फोनो इनपुटचा (रेकॉर्ड प्लेअरचा क्षीण सिग्नल घेणाऱ्या जोडणीचा) जुना अ‍ॅम्प्लिफायर वाजवून पाहून घ्यावा.