चावी राहिली, टीव्ही गेला

मालवणात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्याला माझी खानावळ आहे. बसायची जागा म्हणजे उघडी पडवी, कंबरभर कठडा, दार नाही. आतल्या चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीवर त्रेचाळीस इंची टीव्ही होता. मॅच असली की गिऱ्हाईक जेवून झाल्यावरही उठत नाही, आणखी एक सोलकढी मागवतं, म्हणून घेतलेला. रात्री काढून आत ठेवत जा, असं बायको सांगायची. चार दिवस ठेवला, मग कंटाळा केला. नऊ-दहा किलोचं धूड रोज कोण चढवणार-उतरवणार?

एप्रिलमध्ये एक माणूस जेवायला आला. सुरमईची थाळी खाल्ली, हात धुतले आणि टीव्हीखाली उभा राहून म्हणाला, "शेठ, हा मी अर्ध्या मिनिटात नेईन." नुसतं बोलला नाही. दोन्ही हातांनी टीव्ही जरा वर उचलला, तो सुटून त्याच्या हातात आला, लगेच परत लावलाही. यात लबाडी काहीच नव्हती. साध्या ब्रॅकेटमध्ये एक पट्टी भिंतीला असते, दोन उभे हात टीव्हीच्या मागच्या भोकांना स्क्रूने बसवतात आणि ते हात पट्टीवर नुसते टांगलेले असतात. वर उचललं की मोकळं. चार दिवस मीच तो काढला-लावला होता, पण चोरालाही ते तितकंच सोपं आहे हे तोवर डोक्यात आलं नव्हतं आणि माणूस आपल्याच डोळ्यांदेखत खरं दाखवतोय म्हटल्यावर पुढचंही खरंच वाटलं.

त्याच्याकडे कुलूपवाला ब्रॅकेट होता. खालून आडवी सळई जाते, तिच्या टोकाला कुलूप, म्हणजे टीव्ही वर उचलताच येत नाही. "पूर्ण स्टेनलेस, खाऱ्या हवेला काही होत नाही." वर तीन वर्षांची चोरीहमी, टीव्ही गेला तर नवा. साडेसहा हजार. मी साडेपाचवर आणला (आणि त्या दिवशी स्वतःवर खूश होतो). चार हजार आगाऊ मोबाईलवरून दिले. दुसऱ्या दिवशी दुपारी, नेमक्या जेवणाच्या गर्दीत, तो आला. मी गल्ल्यावर, बायको चुलीपाशी. तासाभरात काम उरकून त्याने मला बोलावलं. "ओढा बघू." मी कुलूप धरून ओढलं. हललं नाही. उरलेले पैसे दिले, दोन चाव्या घेतल्या.

मी कुलूप ओढलं. ब्रॅकेट ओढला नाही.

जुलैत एका रात्री धो धो पाऊस, वीज गेलेली, म्हणजे कॅमेराही बंद. सकाळी पाहतो तर टीव्ही, ब्रॅकेट, सळई, कुलूप, सगळं एकत्र गेलेलं. कुलूप उघडायची गरजच पडली नव्हती. भिंतीवर चार भोकं आणि खाली पडलेल्या दोन प्लॅस्टिकच्या गट्ट्या (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात ठोकतात त्या), बोटाच्या दोन पेरांएवढ्या. शेजारचे गवंडीकाका आले, भोकात खिळा घालून बघितला आणि म्हणाले, "अरे, ह्या गिलाव्यातच संपला. चिऱ्याक लागलाच नाय." जांभा आधीच सच्छिद्र, त्यात अशी आखूड गट्टी गिलाव्यात ठोकलेली. पहारीचा एक हिसका पुरे झाला असणार. मागे राहिलेला एक स्क्रू तीन महिन्यांत तांबडा झाला होता. स्टेनलेस!

हमीचा कागद काढला. फोन बंद. पावतीवर पंधरा आकडी-अक्षरी जीएसटी नंबर होता, तो भाच्याने पोर्टलवर टाकून बघितला तर कुठल्याशा कपड्याच्या दुकानाचा निघाला. पैसे देण्याआधी बघितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं.

पोलिसांनी टीव्हीचा सिरीयल नंबर विचारला. तो टीव्हीच्या पाठीवर. खोका पावसाळ्याआधी चुलीत गेला होता आणि बिल त्या गुळगुळीत कागदावरचं, पार कोरं पडलेलं. ज्यांचा टीव्ही अजून भिंतीवर आहे त्यांनी आजच मागच्या लेबलचा फोटो काढा, बिलाचाही. हवालदारांनी चोरीचा आणि फसवणुकीचा असे दोन वेगळे अर्ज लिहून घेतले, पैसे पाठवल्याची नोंद मोबाईलमध्ये होती तेवढीच कामाला आली. विम्याचं तर विचारूच नका. माझ्या पॉलिसीत चोरी म्हणजे दार-खिडकी फोडून आत शिरणं. उघड्या पडवीला फोडायला दारच नाही, म्हणून दावा नामंजूर. हे वाक्य पॉलिसीत पहिल्यापासून होतं, मी वाचलं नव्हतं.

आता बत्तीस इंची आहे. गवंडीकाकांनी भिंतीला आरपार भोकं पाडून लांब बोल्ट घातले, पलीकडे लोखंडी पट्टी लावली आणि नट तिथेच आवळले. पलीकडे तांदळाची खोली आहे, तिला रात्री कुलूप असतं. बाहेरून पान्याला धरायला काही नाही. टीव्हीच्या मागच्या स्क्रूंनाही साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही, मध्ये टोक असलेले आहेत. सगळा खर्च त्या साडेपाच हजारांच्या निम्मासुद्धा नाही. काकांनी लावून झाल्यावर मला सांगितलं, "आता लोंबकळ." मी खरंच लोंबकळलो, गिऱ्हाइकं हसली.

हे लिहायचं कारण वेगळंच. मागच्या आठवड्यात देवबागच्या एका होमस्टेवाल्याचा फोन आला. असाच एक माणूस त्याच्याकडे आला होता, मोबाईलवर आधीच्या कामांचे फोटो दाखवत होता आणि त्यातल्या एका फोटोत माझ्या खानावळीचा फलक दिसला म्हणून याने चौकशीला नंबर शोधून काढला. तुमच्याकडे कोणी आला आणि त्याने हिरवा कठडा, लाल कौलं, भिंतीवर मोठा टीव्ही आणि खाली चकाकतं कुलूप असा फोटो दाखवला, तर ती पडवी माझी आहे. फोटोतला टीव्ही तिथे नाही.