प्रवासासाठीचे क्रेडिट कार्ड: युरोपात पॉइंट का आटतात?

एका खासगी बँकेचे ‘परदेश प्रवासासाठी’ म्हणून विकले जाणारे क्रेडिट कार्ड मी वर्षभर वापरत आहे. त्याचे वार्षिक शुल्क 2,500 रुपये असून 18 टक्के जीएसटी धरून ते 2,950 रुपयांवर जाते. परदेशी चलनातील व्यवहारावर बँक वरून लावते तो मार्कअप 2 टक्के आहे, जो अनेक बँकांच्या साडेतीन टक्क्यांपेक्षा निश्चितच कमी आहे. परदेशातील खर्चावर दर शंभर रुपयांमागे चार पॉइंट मिळतात आणि विमानाच्या तिकिटासाठी वापरल्यास एका पॉइंटचे पन्नास पैसे धरले जातात. नाशिकमधल्या कॅनडा कॉर्नरजवळच्या शाखेत कार्ड घेताना मला गणित मांडून दाखवले होते ते असे, की दोन टक्के मार्कअप जातो आणि पॉइंटांतून दोन टक्के परत येतात, त्यामुळे परदेशात कार्ड वापरण्याचा खर्च जवळजवळ शून्य. मार्कअपवर जीएसटी लागतो, हे त्या कागदावर नव्हते.

आमचे दिंडोरीकडे द्राक्षांचे पॅकहाउस आहे. फेब्रुवारीत बर्लिनला फळांचे ‘फ्रूट लॉजिस्टिका’ हे प्रदर्शन भरते. यंदा मी तिथे आणि तिथून रॉटरडॅमला आमच्या आयातदारांकडे जाऊन आले. कार्डाने एकही व्यवहार अडला नाही, प्रत्येक व्यवहाराचा संदेश क्षणात आला आणि खर्चाची मर्यादा ॲपवरून सहज वाढवता आली. सेवा म्हणून या कार्डाबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

तक्रार स्टेटमेंट आल्यावर सुरू झाली. बर्लिन आणि रॉटरडॅममध्ये मशीनवर कार्ड लावून केलेला खर्च साधारण 80,000 रुपयांचा होता आणि त्यावर 3,200 पॉइंट अपेक्षित असताना 800 जमा झाले. मात्र नाशिकहून निघण्यापूर्वी बर्लिनच्या हॉटेलचे 46,000 रुपये युरोमध्ये ऑनलाइन भरले होते, त्यावर पूर्ण 1,840 पॉइंट मिळाले. परतताना झुरिक विमानतळावर भाच्यांसाठी 3,000 रुपयांची चॉकलेटे घेतली, त्यावरही पूर्ण 120 मिळाले. तेच कार्ड, तोच आठवडा आणि तीन ठिकाणी दोन वेगवेगळे हिशेब. शाखेत विचारले तेव्हा ‘मॅडम, युरोपला ऑफर लागू नाही’ एवढेच उत्तर मिळाले; परंतु मग झुरिक कुठे आहे, असा प्रश्न मला पडला. अखेरीस अटींच्या तळाशी एक ओळ सापडली, की युरोपीय आर्थिक क्षेत्रातील दुकानांत प्रत्यक्ष कार्ड वापरल्यास शंभर रुपयांमागे एकच पॉइंट मिळेल.

या ओळीमागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आपण कार्डाने पैसे दिले की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही. त्यातून कापल्या जाणाऱ्या शुल्काचा मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो आणि त्यालाच इंटरचेंज म्हणतात. पॉइंट, विमानतळावरील लाउंज, सवलती यांचा पैसा बऱ्याच अंशी इथून येतो. आपल्या सराफ बाजारात ‘ताई, कार्डावर दोन टक्के वर पडतील’ असे ऐकू येते ते याच शुल्कामुळे. बाजार समितीत माल नेणाऱ्यांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको, कारण आडत कोणाच्या पट्टीतून कापायची यावर आपण किती वर्षे भांडलो आणि 2016 मध्ये फळे-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला तेव्हा किती दिवस लिलाव बंद राहिले, हे सगळ्यांना आठवत असेल. कापणी कोणाकडून होते आणि किती होते, यावर पुढच्या प्रत्येकाचा वाटा ठरतो.

युरोपीय संघाने 2015 च्या नियमाने ग्राहकांच्या क्रेडिट कार्डावरील इंटरचेंज 0.3 टक्क्यावर आणि डेबिट कार्डावरील 0.2 टक्क्यावर बांधून टाकले. तो नियम तिथल्याच कार्डांपुरता होता. बाहेरच्या देशांतील कार्डांसाठी व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी 2019 मध्ये युरोपीय आयोगाला बांधिलकी दिली: दुकानात कार्ड प्रत्यक्ष वापरल्यास क्रेडिटवर तेच 0.3 टक्के, ऑनलाइन व्यवहारात मात्र 1.5 टक्के. पुढे या बांधिलकीची मुदत 2029 पर्यंत वाढवली गेली. ही मर्यादा युरोपीय संघ आणि त्यासोबत नॉर्वे, आइसलँड, लिक्टेनस्टाइन मिळून होणाऱ्या आर्थिक क्षेत्राला लागू आहे. स्वित्झर्लंड त्यात नाही. माझ्या तीनही नोंदींचा उलगडा इथे होतो. कंपनीच्या नावाने दिलेली व्यावसायिक कार्डे या मर्यादेबाहेर आहेत, हेही आपल्याकडच्या निर्यातदारांनी लक्षात ठेवावे. अमेरिकेत 2010 च्या कायद्याने फक्त डेबिट कार्डावर मर्यादा आली, क्रेडिट कार्ड मोकळेच राहिले. तिथल्या कार्डांवर पॉइंटांचा पाऊस पडतो तो उगाच नाही.

आता माझ्या 80,000 रुपयांचा हिशेब बँकेच्या बाजूने पाहू. इंटरचेंज जास्तीत जास्त 240 रुपये आणि मार्कअप 1,600 रुपये, म्हणजे बँकेच्या हाती आले 1,840 रुपये. मला कबूल केलेले 1,600 रुपयांचे पॉइंट दिले असते तर 240 रुपये उरले असते आणि त्यातून नेटवर्कचे शुल्क, फसवणुकीची जोखीम, उधारीचा काळ हे सगळे भागवावे लागले असते. बँकेने 400 रुपयांचे पॉइंट दिले. तेही दुकानदाराकडून आलेले नसून बहुतांशी माझ्याच मार्कअपमधून परत आलेले आहेत. मी मार्कअपवर 288 रुपये जीएसटी भरला, म्हणजे एकूण 1,888 रुपये देऊन 400 रुपयांचे पॉइंट घरी आणले. बँकेने दर कमी केला याचा मला राग नाही, त्यामागचे अर्थकारण खरे आहे. ज्या पानावर ‘चौपट पॉइंट’ मोठ्या अक्षरांत छापले त्याच पानावर ही ओळ नव्हती, याचा मात्र मला मनापासून राग आहे, कारण युरोपला जाणाऱ्या माणसाने हे कार्ड नेमके त्या चार पॉइंटांसाठीच घेतलेले असते.

आणखी एक अनुभव सांगते. बर्लिनच्या एका उपाहारगृहात मशीनच्या पडद्यावर रक्कम युरोत घ्यायची की रुपयांत, असा प्रश्न आला आणि रुपयांचा आकडा ओळखीचा वाटल्याने मी तोच निवडला. तिथे विनिमयाचा दर त्या दुकानाच्या बाजूने ठरतो, जो महाग पडला, आणि रुपयांत व्यवहार होऊनही माझ्या बँकेने परदेशी दुकान म्हणून 1 टक्का वेगळा लावला. दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक ठिकाणी युरोच निवडले.

त्यामुळे युरोपपुरते माझे मत असे झाले आहे की कार्ड निवडताना पॉइंटांचा तक्ता मिटून ठेवावा आणि मार्कअप पाहावा. शून्य मार्कअपचे, एकही पॉइंट न देणारे कार्ड मला त्या 80,000 रुपयांवर 1,488 रुपयांनी स्वस्त पडले असते. शून्य मार्कअप असूनही युरोपातील दुकानांत भरघोस पॉइंट देणारे कार्ड कोणी दाखवले तर त्याच्या अटी दर तिमाहीला वाचाव्यात, कारण दहा हजारांच्या खर्चावर 30 रुपये मिळवणारी बँक शंभर रुपयांचे पॉइंट फार काळ वाटू शकत नाही.

जूनमध्ये माझ्या कार्डाचे नूतनीकरण आहे. वर्षातून एकदा रॉटरडॅमला जाणाऱ्या माझ्यासारखीला 2,950 रुपये परवडत नाहीत, म्हणून मी ते बंद करण्याचा अर्ज शाखेत दिला आहे. ज्यांचे येणे-जाणे युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर आहे आणि हॉटेलांची मोठी रक्कम जे आधीच ऑनलाइन भरतात, त्यांना हेच कार्ड मी आजही सुचवेन.