बोंड्याचा फेस आणि माझे २३,०४८ रुपये

गावातल्या सेवा केंद्रात बसून रोज पंधरा-वीस जणांना ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ असे बजावणाऱ्या माणसाने स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून २३,०४८ रुपये चोराच्या खात्यात घातले, हे लिहिताना मला लाज वाटते. २०२४-२५ च्या हंगामातील ७,५२१ रुपये हमीभावाने ही तीन क्विंटलांहून अधिक कापसाची किंमत होते. घरी अजून वडिलांना पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

आमच्याकडे एक हेजहॉग, म्हणजे पाठीवर काटे असलेला छोटा प्राणी, आहे. पुण्यातला माझा भाचा नोकरीसाठी परदेशी गेला, तेव्हा त्याने तो आफ्रिकी जातीचा, पेरूएवढा प्राणी माझ्या मुलीच्या स्वाधीन केला. घाबरला की तो अंगाची गुंडाळी करतो आणि बंद बोंडासारखा दिसतो, म्हणून मुलीने त्याचे नाव बोंड्या ठेवले. गाव मात्र त्याला ‘सायायचं पिल्लू’च म्हणते. सायाळ वेगळी, हा वेगळा, हे मी शंभर जणांना समजावले असेल. या गैरसमजाची किंमत पुढे मलाच मोजावी लागली.

शौक म्हणून हा प्राणी आम्ही आणलेला नव्हता, पण आल्यावर त्याची हेळसांड केली नाही. त्याला साधारण चोवीस ते अठ्ठावीस अंश तापमान लागते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो आणि डिसेंबरात रात्रीचा दहा अंशांच्या आसपास उतरतो. उन्हाळ्यात त्याचा पिंजरा कूलरच्या खोलीत असतो, थेट झोताबाहेर. हिवाळ्यात दिवा लावतो आणि वीज गेली की टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवतो, कारण ही जात थंडीने गारठून निपचित पडली तर त्यातून उठेलच याची खात्री नसते. घरात कापसाचा ढीग असूनही त्याला अंथरायला कापूस देत नाही. तंतू पायाच्या बोटांना गुंडाळले जातात. लोकरी कापडाचे तुकडे देतो. इतके सगळे माहीत असलेला मी फसलो, हेच जिव्हारी लागले आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये त्याचे काटे गळू लागले आणि कातडीवर कोंडा दिसू लागला. आमच्या भागातले गुराढोरांचे डॉक्टर प्रामाणिक निघाले. या प्राण्याचे मला काही कळत नाही, असे त्यांनी सरळ सांगितले. रात्री नऊ वाजता मुलगी रडत होती आणि मी मोबाइलवर शोधत होतो. ‘विदेशी पाळीव प्राण्यांचे तज्ज्ञ, व्हिडिओ कॉलवर तपासणी’ अशी जाहिरात समोर आली. शुल्क ४९९ रुपये होते. शहरात डॉक्टर तेवढे घेतातच, असे मी स्वतःला समजावले, आणि आजही ते पहिले ४९९ रुपये मला मूर्खपणाचे वाटत नाहीत.

मूर्खपणा पुढच्या दहा मिनिटांत झाला. पत्नीने त्या संध्याकाळी जवसाची चटणी कुटली होती आणि माझ्या बोटांना तिचा वास होता. कॅमेऱ्यासमोर धरल्यावर बोंड्याने माझे बोट हुंगले, चाटले, तोंडात फेस आणला आणि मान पार मागे वळवून तो फेस जिभेने पाठीच्या काट्यांवर फासू लागला. पलीकडचा गृहस्थ, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला, ओरडला, ‘सर, त्याला खाली ठेवा! हे रेबीजचे लक्षण आहे.’

याच क्षणी मी फोन ठेवायला हवा होता. नवा, उग्र वास आला की हेजहॉग फेस काढून अंगाला माखतो, हे मला माहीत होते. घरात आल्यावर पहिल्याच आठवड्यात माझी कातडी चप्पल हुंगून त्याने हेच केले होते आणि मुलीने मला वाचून दाखवले होते की हा आजार नव्हे, या प्राण्याचा स्वभाव आहे. जो कधी घराबाहेर पडला नाही, ज्याला कुत्रे-मांजर कुणी चावले नाही, त्याला रेबीज कुठून होणार, हा प्रश्नसुद्धा मला सुचला नाही. वर त्याने कोमट हळद-दूध पाजायला सांगितले. हेजहॉगला दूध पचत नाही, म्हणून मी ते पाजले नाही. म्हणजे सल्ला चूक आहे हे मला कळले, पण माणूस खोटा आहे हे कळले नाही. रेबीज हा शब्द कानावर पडला आणि ज्या बोटाला फेस लागला होता त्याकडे माझी मुलगी पाहत होती. बापाच्या जागी उभे राहून मग मला हसावे.

इंजेक्शन आणि औषधे यांचे ३,८५० रुपये गेले. ती शीतपेटीतून पाठवण्याचे २,२०० रुपये गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टोळीतल्या दुसऱ्या माणसाचा फोन आला की नोंदणीविना असा प्राणी ठेवल्याबद्दल वनविभागाकडे कळवावे लागेल, प्रमाणपत्राचे ६,५०० रुपये भरा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे नाव घेतले की खेड्यातला माणूस गार पडतो, मीही पडलो. ते पैसे गेल्यावर मी चिडून परतावा मागितला, तेव्हा त्यांनी क्यूआर कोड पाठवला आणि तो स्कॅन करायला लावून ९,९९९ रुपये आणखी काढले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे वाक्य माझ्या केंद्राच्या भिंतीवर मी स्वतः चिकटवले आहे.

लाजेपायी दोन दिवस गप्प बसलो, ही दुसरी चूक. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा मदत क्रमांक पहिल्या तासाभरात फिरवला तर रक्कम पुढच्या खात्यात गोठण्याची शक्यता असते. मी तिसऱ्या दिवशी फिरवला, तोवर खाते रिकामे झाले होते. तुमच्यावर वेळ आली तर आधी १९३० लावा, रडणे मागाहून करा.

ठाण्यातला अनुभव मात्र त्या चोरांहून कडू आहे. हवालदार साहेबांनी अर्ज वाचला आणि विचारले, ‘सायाय पायली का घरात? गुन्हा हाय ते, माहीत हाय का?’ भारतातली सायाळ पाळता येत नाही हे मलाही माहीत आहे. पण मी फसवणुकीची तक्रार घेऊन गेलो होतो आणि पाऊण तास आरोपीसारखा उभा राहून हेजहॉग आणि सायाळ यांतला फरक सांगत होतो. त्यांनी मला जिल्ह्याच्या सायबर कक्षाकडे पाठवले, कक्षाने रक्कम लहान आहे म्हणून ठाण्याकडे परत पाठवले. हद्दीचा प्रश्न काढला तेव्हा मी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द न पाहता माहिती नोंदवावी लागते हे दाखवले, भारतीय न्याय संहितेचे फसवणुकीचे कलम ३१८ दाखवले; त्यावर ‘तुम्ही वकील काय?’ एवढेच उत्तर मिळाले. चार खेपांच्या प्रवासात ७६० रुपये आणि चार दिवसांची मजुरी गेली, ती २३,०४८ मध्ये धरलेली नाही. बँकेने एका ओळीत मिटवले, की पिन तुम्हीच टाकला, व्यवहार अधिकृत आहे. खातेदाराला घाबरवून पिन टाकायला लावले, यासाठी त्यांच्या अर्जात रकानाच नाही.

पशुवैद्य म्हणवणाऱ्याला आधी नोंदणी क्रमांक विचारा. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार राज्याच्या परिषदेकडे त्याची नोंद असते; क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली की फोन ठेवा. गुरांसाठी गोठ्यात ठेवलेले गोचिडांचे औषध अंदाजाने या चिमुकल्या जिवाला टोचू नका, तोही मोह मला झाला होता. आणि नागपूरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हे मला त्या रात्री आठवले नाही याचा राग अजून जात नाही.

शेवटी नागपूरच्याच एका खासगी पशुवैद्यांकडे बोंड्याला पेटीत घालून नेले. त्यांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. निव्वळ कातडीतले किडे होते. मानेवर औषधाचे थेंब टाकले, पिंजऱ्यातले सगळे कापड उकळायला सांगितले. तपासणी आणि औषध मिळून ६४० रुपये झाले. दीड महिन्यात नवे काटे आले.

माझ्या तक्रारीपुढे सायबर तक्रारींच्या संकेतस्थळावर अजून ‘प्रक्रियेत’ असेच दिसते. मागच्या आठवड्यात ती जाहिरात पुन्हा समोर आली. फोटो तोच आहे, स्टेथोस्कोपही तोच आहे. डॉक्टरसाहेब आता कासवांचे तज्ज्ञ झाले आहेत आणि शुल्क ५९९ रुपये केले आहे.