पर्यायी इंधनाचे पंप दाखवणारा सरकारी नकाशा कितपत भरवशाचा?

अमेरिकेत पर्यायी इंधनावर वाहन चालवायचे ठरवले, की इंधन भरायचे कुठे हा प्रश्न आधी उभा राहतो. आणि त्याचे सर्वांत नेमके उत्तर मला ऊर्जा विभागाच्या ‘अल्टरनेटिव्ह फ्यूएल्स डेटा सेंटर’ या संकेतस्थळावरील स्टेशन लोकेटरवर मिळाले आहे. सेवा विनामूल्य आहे, तिच्यात जाहिराती नाहीत आणि ती कोणत्याही एका चार्जिंग कंपनीची नाही. वीज, सीएनजी, एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू), प्रोपेन, हायड्रोजन, ई८५ (इथेनॉल मिसळलेले पेट्रोल) आणि बायोडिझेल यांची स्टेशने एकाच नकाशावर दिसतात, कॅनडातीलसुद्धा.

नकाशावर ठिपके कोणीही टाकतो. या लोकेटरची खरी करामत ठिपक्यावर टिचकी मारल्यावर कळते. प्रोपेनचेच पाहा. हा वायू स्वयंपाकाच्या आणि शेगडीच्या टाक्यांसाठीही विकला जात असल्यामुळे ‘प्रोपेन मिळेल’ एवढ्या पाटीवर विसंबून व्हॅन घेऊन जाणाऱ्याची पंचाईत होऊ शकते; म्हणून जिथे वाहनाला बसणारे नॉझल आहे आणि वाहनांसाठी वेगळा दर लावला जातो, अशी ‘प्राथमिक’ स्टेशने इतरांपासून वेगळी दाखवली आहेत. सीएनजीच्या नोंदीत ३,६०० पीएसआय दाब मिळतो की कमी, गॅस पेट्रोल पंपासारखा झटपट भरला जातो की उभ्या गाड्यांत रात्रभर हळूहळू, आणि आवारात अवजड ट्रक वळू शकतो की फक्त मोटार, हेही दिलेले असते. ताफा सांभाळणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर बाकीची माहिती त्याच्या कामाची नाही.

इतका बारकावा केवळ वॉशिंग्टनमध्ये बसून गोळा होत नाही. १९९२ च्या ऊर्जा धोरण कायद्यानंतर, १९९३ मध्ये, ऊर्जा विभागाने पर्यायी इंधनांच्या प्रसारासाठी ‘क्लीन सिटीज’ उपक्रम सुरू केला आणि त्यातील पहिली प्रादेशिक आघाडी, म्हणजे स्थानिक भागीदारांचा गट, अटलांटा येथे उभी राहिली. आज अशा ७५ हून अधिक आघाड्या आहेत. पंपाच्या मालकाला आधी गिऱ्हाईक हवे असते आणि ताफ्याच्या मालकाला आधी पंप. आघाडी या दोघांना, नगरपालिकेला आणि वीज कंपनीला एका टेबलाशी बसवते. त्याच ओळखीपाळखीतून नव्या स्टेशनांची खबरही लोकेटरपर्यंत पोहोचते. त्रैमासिक इंधन दर अहवालही याच आघाड्यांच्या मदतीने तयार होतो आणि माझ्या मते तो लोकेटरइतकाच वाचनीय आहे. त्यात प्रति गॅलन दराशेजारी ऊर्जेच्या हिशेबाने दर दिलेला असतो. ई८५ मध्ये ५१ ते ८३ टक्के इथेनॉल असते आणि एका गॅलनमागे पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी मिळते, त्यामुळे पंपावर स्वस्त दिसणारे हे इंधन हिशेबाला बसल्यावर अनेकदा महाग ठरते.

उणीव ताजेपणाची आहे. मोठ्या चार्जिंग जाळ्यांची माहिती थेट संगणकीय मार्गाने येते, पण इतर स्टेशनांशी वर्षातून किमान एकदा संपर्क साधून नोंद तपासली जाते. मधल्या काळात एखादा सीएनजी पंप बंद पडला, तर तो नकाशावर चालू दिसत राहू शकतो. नोंदीत दूरध्वनी क्रमांक असतो. लांबच्या प्रवासाला निघण्यापूर्वी तो फिरवलेला बरा. चार्जर या क्षणी मोकळा आहे का, हे पाहण्यासाठी त्या त्या जाळ्याचे ॲपच वापरावे लागेल. हायड्रोजनच्या ग्राहकाला मात्र शोधाशोध फारशी नाही, कारण सार्वजनिक पंप जवळजवळ सगळे कॅलिफोर्नियातच आहेत.

रोज इलेक्ट्रिक मोटार चालवणाऱ्याला ही सेवा दुय्यम वाटेल. शाळेच्या बस, कचरागाड्या किंवा मालवाहू व्हॅन कोणत्या इंधनावर घ्यायच्या हे ठरवणाऱ्याने मात्र खरेदीचा कागद पुढे सरकवण्याआधी आपल्या मार्गावरील स्टेशने येथे तपासावीत आणि शंका राहिल्यास आपल्या भागातील आघाडीच्या संचालकांना गाठावे.