येनेफर की ट्रिस?

माझा भाचा 'द विचर 3' हा व्हिडिओ गेम पहिल्यांदाच खेळतोय. नायक गेराल्टने येनेफर आणि ट्रिस या दोन जादूगारिणींपैकी प्रेमासाठी कोणाला निवडावं, यावर तो अडलाय.

मेहनत जवळपास सारखीच. ट्रिससाठी नोव्हिग्राड शहरातून जादूगारांना बाहेर काढायचं आणि बंदरावर 'माझं प्रेम आहे' असं स्पष्ट सांगायचं. येनेफरसाठी स्केलिगे बेटांवर जिन शोधायचा.

खरा फरक नात्याच्या वजनात आहे. येनेफर मुख्य कथेतच रुजलेली, गेराल्टची मानलेली मुलगी सिरी, तिला तर ती आईसारखी. तिचं बोलणं टोचतं. पण दोघांना बांधून ठेवणारी जिनची जुनी जादू उतरल्यावरही प्रेम उरतं का, हे तिलाच तपासायचं असतं! इतका धीट प्रेमप्रसंग मी दुसऱ्या कुठल्याही गेममध्ये पाहिलेला नाही. ट्रिस मायाळू, स्वतःआधी इतरांना वाचवणारी. मात्र आधीच्या भागांत गेराल्टची स्मृती गेलेली असताना तिने येनेफरबद्दल मौन पाळलं, ते मला अजून खटकतं.

दोघींनाही होकार दिला तर दोघीही हातच्या जातात, हे त्याने ध्यानात ठेवावं.

सिरीच्या कथेचा पूर्ण पट अनुभवायचा असेल आणि खडे बोल चालत असतील, तर येनेफर. आधीचे भाग खेळायचे नसतील, म्हणजे ते मौन खटकणार नाही, आणि शेवटी कोविर राज्यातला निवांत संसार हवा असेल, तर ट्रिस.