अपडेटनंतर नेट गेलं, मग ‘कस्टमर केअर’ने खातं रिकामं केलं

विंडोज अपडेट झालं, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि वायफाय गायब. अशा वेळी लोक मोबाइलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात, आणि फसवणारे तिथे खोटे नंबर पेरूनच बसलेले असतात.

फोन उचलणारा पहिलं काम बरोबर सांगतो: मोबाइल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडा, टेदरिंग, म्हणजे मोबाइलचं नेट लॅपटॉपला देणं, चालू करा. नेट सुरू होतं. खरं तर दुखणं इथेच सापडलेलं असतं. केबलने नेट चालतंय आणि वायफायचं नावही दिसत नाही, म्हणजे बहुधा वायफायचा ड्रायव्हरच, म्हणजे वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअरच, बिघडलाय. पण त्याला नेट हवं असतं ते एनीडेस्क, म्हणजे दुरून लॅपटॉप चालवायचं ॲप, उतरवून घ्यायला. पडद्यावरचा आकडा त्याला सांगितला, ‘ॲक्सेप्ट’ दाबलं, की लॅपटॉप त्याच्या ताब्यात.

मग नाटक सुरू. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून तो लाल खुणा दाखवतो, ‘व्हायरस आहे’ म्हणतो. धडधाकट मशीनमध्येही अशा नोंदींचा ढीग असतो. माणूस घाबरला की दहा रुपये ‘नोंदणी फी’ त्याच लॅपटॉपवरून नेटबँकिंगने भरायला लावतो. पडद्यावर दिसतं ते सगळं त्यालाही दिसतं, आणि माउस-कीबोर्डही त्याच्या हातात असतो. जाणारी रक्कम दहा रुपये नसतेच, आणि ओटीपीच्या मेसेजमध्ये बहुतेकदा ती खरी रक्कम लिहिलेली असते. तो बोलण्यात असा गुंतवतो की ती वाचलीच जात नाही.

आता खरा उपाय, तोही फुकटचा. स्टार्टवर उजवी क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क ॲडॅप्टर्समध्ये वायफाय कार्ड, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, मग ‘रोल बॅक ड्रायव्हर’. ते बटण फिकं असेल तर ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, पण ड्रायव्हर पुसण्याच्या चौकटीत टिक करू नका. रीस्टार्ट केल्यावर विंडोज तो पुन्हा बसवतं. कार्ड यादीतच नसेल तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबरप्रमाणे ड्रायव्हर घ्या. टेदरिंग त्यासाठी वापरा. वायफाय जोडलेलं दिसतं पण साइट उघडत नाही, असं असेल तर सेटिंग्जमधलं ‘नेटवर्क रीसेट’ करून बघा. त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड जातात, आधी लिहून ठेवा. एवढ्यानेही जमलं नाही तर अपडेट हिस्ट्रीत जाऊन ताजं अपडेट काढता येतं.

पैसे गेलेच असतील तर आधी मोबाइलची केबल उपटा, मग बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झालेलं नुकसान बँकेला कळवेपर्यंत ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ टिपून ठेवा, मेसेज पुसू नका. पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. लॅपटॉपवरून नुसतं एनीडेस्क काढून भागत नाही. परवानगी न विचारता पुन्हा शिरण्यासाठी फसवणारा दुसरं काही टाकून गेलेला असू शकतो. फाइल्सची प्रत घ्या आणि विंडोज नव्याने टाका.